बर्गरमधल्या टोमॅटोची मजुरी ठरवतं कोण?

२०२३ च्या जुलैत दिल्लीतल्या मॅकडोनाल्डच्या काही दुकानांत सूचना लागली होती. ठरलेल्या दर्जाचे टोमॅटो पुरेसे मिळत नाहीत, त्यामुळे काही दिवस आमच्या पदार्थांत टोमॅटो नसेल, असा तिचा मजकूर होता. त्याच दिवसांत नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघत होता. बातमी दोन-चार दिवस चघळली गेली आणि विरून गेली.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न राहिला. एका निर्णयासरशी कितीतरी दुकानांतली टोमॅटोची चकती नाहीशी करता येते. मग ती चकती ज्याच्या हातून खुडली गेली, त्याच्या मजुरीवर या कंपन्यांचा हात किती असतो? फास्ट फूडबद्दल आपण बोलतो ते मुलांच्या वजनाबद्दल, मैद्याबद्दल, प्लास्टिकबद्दल. ते बोलायलाच हवं. पण मजुरीचा प्रश्न सहसा निघत नाही, कारण तो दिसत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मात्र मजुरांनी स्वतःच तो प्रश्न काढला आणि त्याचं उत्तरही मिळवलं. ती गोष्ट समजली की या धंद्याची मांडणी समजते.

साखळी म्हणजे नेमकं काय

जगभर मॅकडोनाल्डची ४० हजारांहून जास्त दुकानं आहेत. त्यांतली साधारण ९५ टक्के कंपनीच्या स्वतःच्या मालकीची नाहीत. ती फ्रँचायझी पद्धतीने चालतात. म्हणजे नाव, पाककृती आणि नियम मूळ कंपनीचे; भांडवल आणि नोकरमाणसं स्थानिक चालकाची. आपल्याकडे पश्चिम आणि दक्षिण भारतातली दुकानं एक कंपनी चालवते, उत्तर आणि पूर्वेकडची दुसरी. दिल्लीतली ती सूचना मुंबईतल्या सगळ्या दुकानांत लागली नाही, याचं एक कारण हेच.

खंडाने दिलेली शेती डोळ्यांसमोर आणा. जमीन एकाची, कसणारा दुसरा. पीक बरं येवो वा वाईट, मालकाला ठरलेला खंड पोचतो. फरक एवढाच, की इथे मालक नुसता खंड घेऊन गप्प बसत नाही. कांदा किती बारीक चिरायचा, बटाटा कोणत्या जातीचा हवा, तेल किती तापवायचं, माल कोणाकडून घ्यायचा, हे सगळं तोच ठरवतो. पगाराचा विषय निघाला की मात्र तो म्हणतो, ‘माणसं माझी नाहीत, चालकाला विचारा.’

मालाच्या बाजूला तर आणखी कड्या आहेत. दुकानाला पुरवठादार देतो, त्याला पॅकिंग करणारा, त्याला शेतमालक, आणि शेतमालकाला मजूर आणून देतो मुकादम. प्रत्येक कडी पुढच्या कडीकडे बोट दाखवते.

विकणारे शंभर, घेणारा एक

जबाबदारी अशी वाटून टाकली तरी खरेदी मात्र वाटलेली नसते. हजारो दुकानांची मागणी एकत्र करून एकदाच घासाघीस होते. म्हणूनच या साखळ्यांची ताकद विक्रीपेक्षा खरेदीत जास्त आहे.

विकणारा एकच असला की भाव तो ठरवतो, ही मक्तेदारी आपल्याला ठाऊक असते. तिची उलटी बाजूही असते: घेणारा एकच असला की भाव तो ठरवतो. याला खरेदीदाराची मक्तेदारी म्हणू. ज्या गावात दूध घालायला एकच डेअरी आहे, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फॅट किती लागली हे डेअरी सांगेल तेच. दूध परत घरी नेऊन करणार काय? ते तर संध्याकाळपर्यंत नासेल.

टोमॅटोचंही तेच. तो ठेवून चालत नाही. मोठ्या खरेदीदाराने भाव दाबला की शेतमालक आपला खर्च तपासायला बसतो. बियाण्याची किंमत बियाण्याची कंपनी ठरवते, खताची खतवाला, डिझेलची तेल कंपनी. यांतला एक पैसाही त्याच्या हातात नाही. हात पोचतो तो एकाच जागी, मजुरीवर. हे तो दुष्ट असतो म्हणून होतंच असं नाही. सगळा दाब खाली सरकत सरकत जिथे ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते तिथे येऊन थांबतो.

३२ पौंडांची बादली

इमोकली हे नैऋत्य फ्लोरिडातलं छोटं गाव. हिवाळ्यात बाकी अमेरिका गारठलेली असते, तेव्हा देशात पिकणारा बहुतेक ताजा टोमॅटो फ्लोरिडातून येतो, आणि इमोकली हे त्याचं मोठं केंद्र. खुडणारे मेक्सिको, ग्वाटेमाला आणि हैतीतून आलेले. पहाटे अंधारात गावातल्या वाहनतळावर ते गोळा होत. मुकादमांच्या जुन्या शाळा-बसगाड्या उभ्या असत. मुकादम बोटाने निवडेल तो चढायचा, उरलेला घरी परतायचा. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यासारखंच.

शेतात वाकून हिरवे टोमॅटो खुडायचे. हो, हिरवेच, ते पुढे इथिलिन वायू देऊन लाल केले जातात. बादली भरली की सुमारे ३२ पौंड, म्हणजे साडेचौदा किलो. ती खांद्यावर घेऊन सरीतून पळत ट्रकपर्यंत जायचं आणि वर उभ्या असलेल्या माणसाकडे भिरकवायची. तो ती ओतून रिकामी बादली परत फेकतो आणि सोबत एक टोकन. जितकी टोकनं तितकी मजुरी.

एका बादलीचे ४० ते ५० सेंट मिळत. हा दर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ हललाच नव्हता. ४० सेंटच्या दराने ५० डॉलर कमवायचे तर १२५ बादल्या, म्हणजे चार हजार पौंड, म्हणजे अठराशे किलोंहून जास्त टोमॅटो एका माणसाने एका दिवसात खुडून, उचलून, फेकायचे.

त्यातही मापात पाप होतंच. बादली काठोकाठ भरलेली चालत नसे, वर शीग लागत असे. शिगेशिवायची बादली ट्रकवरचा माणूस परत पाठवी किंवा टोकन देत नसे. ही शीग साधारण दहा टक्क्यांपर्यंत जाई. दर दहा बादल्यांमागे एक बादली फुकट. शेतमाल विकणाऱ्या मराठी माणसाला ही शीग ओळखीची वाटेल. इथे ती शेतकऱ्याच्या नव्हे, मजुराच्या घामातून निघत होती.

याहून वाईटही घडत होतं. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये इमोकलीत काही मजूर एका बंद मालट्रकचं छताजवळचं झरोक्याचं झाकण तोडून बाहेर पडले. रात्री त्यांना त्या ट्रकमध्ये कुलूप लावून ठेवलं जाई. अंगावर कर्ज चढवलेलं, आणि अंगणातल्या नळीखाली अंघोळ केली तरी पाच डॉलर त्या कर्जात मिळवले जात. २००८ च्या डिसेंबरमध्ये या प्रकरणातल्या दोन मुख्य आरोपी भावांना प्रत्येकी १२ वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेच्या न्यायालयात, एकविसाव्या शतकात, हा गुलामगिरीचा खटला होता.

शेतमालकाशी भांडून काय झालं

१९९३ मध्ये इथले काही मजूर गावातल्या चर्चच्या एका खोलीत जमू लागले. त्यातून ‘कोअलिशन ऑफ इमोकली वर्कर्स’ ही संघटना उभी राहिली. १९९६ मध्ये पाणी प्यायला थांबला म्हणून एका सोळा वर्षांच्या मुलाला मारहाण झाली, तेव्हा त्याचा रक्ताने माखलेला शर्ट हातात धरून शेकडो मजूर रात्री मुकादमाच्या दारावर चालून गेले. १९९७ च्या डिसेंबरात सहा मजुरांनी उपोषण सुरू केलं, ते महिनाभर चाललं. मागणी एवढीच, की मालकांनी समोर बसून बोलावं. ट्रॅक्टर कधी शेतकऱ्याला शेती कशी करायची ते सांगत नाही, असं तेव्हा एक शेतमालक म्हणाल्याचं संघटनेतले लोक सांगतात.

कायद्याचाही आधार तोकडा होता. अमेरिकेत संघटना करून मालकाशी वाटाघाटीचा हक्क देणारा कायदा १९३५ चा. त्यातून शेतमजूर वगळलेले होते, आजही वगळलेलेच आहेत.

आठ-दहा वर्षं मालकांशी झगडून दर थोडासा वाढला. पण या काळात मजुरांनी एक गोष्ट हेरली, आणि मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं: टोमॅटोचा भाव शेतमालकाच्याही हातात नव्हता. आपण ज्याच्या दारावर धडका देत होतो त्याच्या तिजोरीची किल्लीच दुसऱ्याकडे होती. मग ते त्या दुसऱ्याकडे गेले.

एक सेंट

२००१ मध्ये त्यांनी टाको बेल या साखळीवर बहिष्कार पुकारला. मागणी साधी होती. तुम्ही घेता त्या टोमॅटोच्या दर पौंडामागे एक सेंट जास्त द्या, तो थेट मजुराच्या पगारात पोचवा, आणि जिथे मजुरांना मारहाण होते अशा शेतातला माल घेऊ नका. एका बादलीत ३२ पौंड, म्हणजे ३२ सेंट जास्त. ५० चे ८२.

टाको बेलचा मुख्य गिऱ्हाईक तरुण. म्हणून मजूर विद्यापीठांत गेले, विद्यार्थ्यांपुढे ती बादली ठेवली आणि उचलून पाहायला सांगितली. वीसहून जास्त विद्यापीठांतल्या आणि शाळांतल्या विद्यार्थ्यांनी टाको बेलची दुकानं हटवली किंवा येऊ दिली नाहीत. चार वर्षांनी, २००५ च्या मार्चमध्ये टाको बेलची मूळ कंपनी यम ब्रँड्सने मागणी मान्य केली. २००७ मध्ये मॅकडोनाल्ड आलं.

बर्गर किंगने मात्र फार ताणलं. त्यांच्या एका उपाध्यक्षाने स्वतःच्या मुलीच्या नावाच्या खात्यावरून मजुरांच्या संघटनेविरुद्ध इंटरनेटवर मजकूर टाकल्याचं उघड झालं. मजुरांच्या विद्यार्थी मित्रांमध्ये शिरून बातम्या काढायला खाजगी हेर लावल्याचंही बाहेर आलं. २००८ च्या मे महिन्यात बर्गर किंगनेही सही केली.

पैसे द्यायला खरेदीदार तयार झाले, तर आता शेतमालकांची संघटना आडवी आली. जो सभासद हा जादा सेंट मजुरापर्यंत पोचवेल त्याला एक लाख डॉलर दंड, अशी धमकी तिने दिली होती. कंपन्यांचे पैसे अडकून पडले. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये शेतमालकांची ही संघटना नमली, आणि फ्लोरिडाचा ९० टक्क्यांहून जास्त टोमॅटो या करारात आला. त्यालाच ‘फेअर फूड प्रोग्रॅम’ म्हणतात.

‘मजुरी वाढली की बर्गर महागणार’

हिशोबच करू. एका पौंडात ४५४ ग्रॅम. एक चकती २५ ग्रॅमची धरली तर एका पौंडात अठरा चकत्या. एका बर्गरमध्ये दोन घातल्या तर नऊ बर्गर. एक सेंट नऊ बर्गरांत वाटायचा. एक सेंट म्हणजे रुपयाहून थोडा कमी. एका बर्गरवर दहा पैशांच्या आसपास भार. मजुराची बादलीमागची कमाई मात्र तेवढ्यात निम्म्याहून जास्त वाढते.

हे आकडे पाहून कोणीही विचारेल, की मग एवढ्याशासाठी चार-चार वर्षं का झगडावं लागलं? माझ्या मते अडचण सेंटाची नव्हतीच. तो दिला की शेतातल्या माणसाशी आपला संबंध आहे हे मान्य होतं. आज टोमॅटो, उद्या कोंबडी, परवा बटाटा. कंपन्यांना भीती त्या कबुलीची होती.

‘पण हे मजूर कंपनीचे नाहीतच’

कागदावर नाहीत, खरं आहे. बर्गर किंगचंही म्हणणं तेच होतं. पण टोमॅटोचा आकार, रंग, त्यावरच्या औषधाचा अंश हे सगळं तपासत कंपनी थेट शेतापर्यंत जाते. माल खराब निघाला तर कोणत्या पुरवठादाराची कोणती खेप ते तिला शोधता येतं. दर्जाचा माग शेतापर्यंत लागतो, तर मजुरीचाही लागेल. वाट एकच आहे.

‘असे करार कागदावरच राहतात’

बऱ्याचदा राहतात. कंपनीने स्वतःच आचारसंहिता लिहायची, तपासणी करणाऱ्याला पैसेही तिनेच द्यायचे, तपासनीस वर्षातून एकदा येणार आणि त्याची तारीख आधीच सगळ्यांना माहीत असणार. अशी तपासणी म्हणजे साहेब येणार म्हणून एक दिवस झाडून काढलेली शाळा.

इमोकलीचा करार टिकला तो वेगळ्या रचनेमुळे. पहिली गोष्ट, नियम मजुरांनी लिहिले. शीग बंद, हा त्यातला एक नियम. बादली काठापर्यंत भरली की पुरे. हा नियम वातानुकूलित कार्यालयात बसलेल्या कोणाला कधी सुचला असता? शेतात सावलीची सोय, पिण्याचं पाणी, आल्या-गेल्याची वेळ नोंदवायचं यंत्र, बाईमाणसाच्या वाटेला गेलेल्या मुकादमाला काढून टाकणं, हेही त्यात आहे. दुसरी गोष्ट, चोवीस तास चालणारा तक्रारीचा फोन आणि निवृत्त न्यायाधीशाच्या हाताखाली काम करणारी स्वतंत्र तपासणी संस्था. हक्क काय आहेत ते मजूरच मजुरांना शेतात जाऊन सांगतात, कामाच्या वेळात, त्या वेळेची मजुरी घेऊन. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: शेतमालकाने नियम मोडला आणि सुधारला नाही, तर सही केलेल्या सगळ्या कंपन्यांनी त्याचा माल घेणं थांबवायचं. जी खरेदीची ताकद मजुरी दाबत होती, तीच आता मुकादमाला दाबते.

यालाही मर्यादा आहेत. जादा सेंट मिळतो तो सही केलेल्या कंपन्यांनी घेतलेल्या मालावरच. त्यामुळे आठवड्याच्या पगारात होणारी भर कमीजास्त होते. त्यातून कोणी श्रीमंत झालेलं नाही. वेंडीज या साखळीने अजून सही केलेली नाही. २०२३ च्या मार्चमध्ये मजूर तिच्यासाठी पाच दिवस पायी चालले. ते निघाले पहोकी गावातून, जिथल्या एका मजूर छावणीतून वेठबिगारीचं प्रकरण उघडकीला आलं होतं.

मग खाणंच सोडायचं का?

आपापल्या मनाने केलेला बहिष्कार आणि मजुरांनी पुकारलेला बहिष्कार यांत फरक आहे. पहिल्याने विक्री घटली तर कंपनी कारण समजूनही घेत नाही, फटका मात्र खुडणाऱ्यालाच बसू शकतो. दुसऱ्यात मागणी ठरलेली असते आणि ती मान्य झाली की बहिष्कार उठतो. २००५ मध्ये तसाच उठला.

उसाच्या फडातला मुकादम

हे सगळं वाचताना मराठवाड्यातल्या वाचकाला एक शब्द सारखा टोचला असेल: मुकादम. टोमॅटोच्या जागी ऊस ठेवा, बाकी फार बदलावं लागत नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं तोडणीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती मग अंगावर बसते. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांच्या पत्रकारांनी इथल्या साखरेचा माग काढला, तेव्हा तो कोकाकोला आणि पेप्सीको यांना साखर देणाऱ्या कारखान्यांपर्यंत गेला. बर्गरच्या शेजारच्या पेल्यात तीच नावं असतात.

कारखान्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: तोडणारे आमचे कामगार नाहीत, मुकादमाचे आहेत.

आपल्याकडेही एका सेंटासारखी कल्पना निघालेली आहे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसामागे टनाला १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलं. पण हा पैसा महामंडळाकडे जातो. खाडा कापणाऱ्या मुकादमाच्या टोळीने तोडलेला ऊस कारखान्याने नाकारायचा, किंवा अशा कारखान्याची साखर शीतपेयवाल्याने नाकारायची, अशी अट त्यात नाही. फ्लोरिडात सगळं त्या अटीवरच उभं राहिलं.

तिथल्या मजुराच्या पगारचिठ्ठीवर आता त्या जादा पैशाची वेगळी ओळ असते. ती त्याला बोट ठेवून दाखवता येते. आपल्याकडे चैतात टोळी गावाकडे परतते तेव्हा हिशोब असतो मुकादमाच्या वहीत. त्यात उचल, त्यात खाडे, त्यात दवाखान्याला दिलेले पैसे. कोयत्याने वर्षभरात किती टन तोडले ते मुकादम वाचून दाखवतो, आणि फिटलं नाही ते पुढच्या हंगामाच्या पानावर उतरवून घेतो.